रेघोटीला मी रविवारी कुठे नेलं त्याबद्दल

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (एरवी नमस्कार लिहून झाला की मी सरळ होतो. या खेपेला पत्र संपेपर्यंत वाकलेलाच आहे असं समज. का ते कळेलच.)

सासूबाईंचा नवा गुडघा कसा आहे? आमच्या दुकानात चष्म्याला येणारे हाडांचे डॉक्टर म्हणतात, पहिले आठ दिवस माणूस आणि गुडघा एकमेकांशी बोलत नाहीत, मग हळूहळू जमवून घेतात. नव्या चष्म्याचंही तसंच असतं, असं मी त्यांना म्हटलं, तर ते उगीचच हसले. भावोजींची पाठ दवाखान्यातल्या बाकावर झोपून धरली असेल तर त्यांना म्हणावं, उशी कमरेखाली घ्या. आणि तू स्वतः वेळेवर जेवतेस का? फोनवर तू ज्या आवाजात ‘मी बरी आहे’ म्हणतेस, त्याच आवाजात वर्गात पोरांना ‘खाली बसा’ म्हणत असणार, त्यामुळे पुढे काही विचारायची छाती होत नाही. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मध्ये बोलतेस. पत्रात मध्ये बोलता येत नाही, हा पत्राचा मोठाच गुण आहे.

तुझी रेघोटी सुखरूप आहे. हे वाक्य आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे काहीही वाचलंस तरी पुन्हा वर येऊन हे वाचता येईल. खाते, पिते, शाळेत जाते. गणिताच्या वहीत शेवटच्या पानापासून उलटी चित्रं काढत येते आणि गणितं पुढून येतात. दोघांची गाठ पडेल तेव्हा नवी वही आणू. कालपासून वरचा एक दात हलतोय. बाकी काही नाही.

(मी हे दुकानात बसून लिहितोय. समोर एका गृहस्थांच्या डोळ्यांत डॉक्टरांनी थेंब घातलेत. बाहुल्या मोठ्या व्हायला वीस मिनिटं लागतात. तोवर त्यांना नीटसं दिसत नाही आणि मला काही काम नाही.)

आता रविवार. तू फ्रिजवर चिकटवून गेलेली यादी मी अगदी धर्मग्रंथासारखी पाळतोय. दूध, गृहपाठ, दोन वेण्या (एक वेणी वर आणि एक खाली होते, पण संख्या बरोबर असते), रंगाचा ब्रश पाण्याच्या पेल्यात बुडवू द्यायचा नाही (हा माझा पेला होता, चव अजून जात नाही). कलम नऊ : रविवारी चित्रप्रदर्शन दाखवणे. कलम दहा : ‘मारामारी आणि आरडाओरडा असलेलं काहीही दाखवू नकोस. तिला नंतर दिसत राहतं.’ हे शेवटचं वाक्य तू खाली रेघ मारून लिहिलंस. मी ते वाचलं होतं. वाचलं नव्हतं असं मी कुठेही म्हणणार नाही. ‘दिसत राहतं’ म्हणजे मनात राहतं, एवढाच अर्थ मी घेतला. शिकलेला माणूस असाच अर्थ घेतो.

तर आम्ही अकराला घरून निघालो आणि कलादालनाच्या दाराला कुलूप. रेघोटी रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती रडली नाही. कुलपाकडे पाहत उभी राहिली, मग वही काढून तिने कुलपाचंच चित्र काढलं. कुलूप इतकं दुःखी काढलं होतं की मला माझीच लाज वाटली. अशा वेळी मामाने काय करायचं असतं? खिशात हात घालायचा असतो. मी घातला आणि हाताला दोन पास लागले. ते असे आपसूक खिशात होते, कारण आमच्या दुकानात एक निवेदक चष्म्याला येतात. ते क्रीडागृहात होणाऱ्या कुस्तीच्या खेळांत कुस्तीगिरांची नावं पुकारतात. चष्मा शर्टाच्या टोकाने पुसतात, म्हणून त्यांच्या काचांवर चरे पडतात आणि म्हणून ते वरचेवर येतात. त्यांनी कधीतरी दिले असतील.

तू आत्ता उठून उभी राहिली असशील. बैस. ती मारामारी नसते ताई, ती नाटकं असतात. कोण पडणार, कोण जिंकणार, सगळं आधी ठरलेलं. वेश असतात, दिवे असतात, धूर सोडतात, पार्श्वसंगीत असतं. ज्यात वेश, दिवे आणि संगीत आहे त्याला कला म्हणतात. तेव्हा कलम नऊ मी मोडलं नाही, थोडं वाकवलं. मी रेघोटीला विचारलं, कपड्यांवर टिकल्या लावलेले खूप मोठे लोक बघायला येशील का. ती म्हणाली, टिकल्या शिवलेल्या का चिकटवलेल्या? मी म्हटलं, ते बघायलाच जाऊ.

दुपारी तीनचा खेळ. क्रीडागृह तू पाहिलं नसशील. आत शिरल्यावर आधी लाकडी जमिनीच्या पॉलिशचा वास येतो, मग मक्याच्या लाह्यांचा, मग माणसांचा. मधोमध दोऱ्या बांधलेली चौकोनी रिंग, चारही बाजूंनी दोन-तीन हजार खुर्च्या. आमच्या खुर्च्या तिसऱ्या रांगेत. शेजारी टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. वय सत्तरीच्या आसपास, चष्मा दोरीने गळ्यात, उजव्या हातात फोमचा भलामोठा पिवळा पंजा. त्या दर महिन्याला येतात. या पत्रात कुस्तीची जी माहिती येईल ती सगळी मला त्या बाईंनी सांगितली, हे आत्ताच लिहून ठेवतो.

पहिली जोडी डॉक्टर दणका आणि उकळता डोंगर. डॉक्टर दणका पांढरा कोट घालून येतो आणि समोरच्याला उचलण्यापूर्वी त्याची नाडी बघतो. (हे त्याचं सहा वर्षांपासून चालत आलंय. बाईंनी सांगितलं.) मी चोरून रेघोटीकडे पाहिलं, घाबरली का म्हणून. ती पेन्सिलीचं टोक चावत अगदी परीक्षकासारखी बसली होती. थोड्या वेळाने म्हणाली, मामा, हे नाचतायत. यांना पावलं पाठ आहेत. मग म्हणाली, डोंगराची चड्डी आणि बूट एकाच कापडाचे नाहीत, पण कोणीतरी जुळवायचा खूप प्रयत्न केलाय. आणि मान खाली घालून चित्र काढू लागली. मला इतकं हायसं वाटलं की मी लाह्यांची दुसरी पिशवी घेतली.

चित्र झाल्यावर तिने मला दाखवलं. दणका होता, डोंगर होता, मध्ये पंच होता. आणि रिंगच्या कोपऱ्यात आणखी एक माणूस होता. उंच, हात खाली सोडलेले, चेहऱ्याच्या जागी कोरा कागद. मी विचारलं, हा कोण? म्हणाली, कोपऱ्यात उभा आहे तो. मी पाहिलं. कोपऱ्यात पाण्याची बादली होती. मी म्हटलं, तिथे बादली आहे. ती म्हणाली, हो, बादलीच्या मागे. मी पुन्हा पाहिलं. ताई, दुसऱ्यांना दिसतं की नाही हे तपासण्यात माझी एकवीस वर्षं गेली. पाटीवरची सगळ्यात खालची ओळ मी अजून विनाचष्मा वाचतो. बादलीच्या मागे बादलीची सावली होती. मी म्हटलं, छान काढलंयस, त्याचा चेहरा राहिला बघ. ती म्हणाली, राहिला नाही, त्याने झाकलाय.

इथे मी उठून तिला घरी न्यायला हवं होतं. मला मान्य आहे. पण तेवढ्यात लोखंडी जावई आला. लोखंडी जावई म्हणजे काय ते तुला कळणार नाही. नवरदेवाचा जरीचा कोट घालून येतो आणि दर वेळी कोणीतरी त्याचा सासरा होऊन मार खातो. लोक त्याच्यावर जीव टाकतात. कोट काढून तो पहिल्या रांगेतल्या कोणाच्या तरी मांडीवर अशा ऐटीत ठेवतो की ज्यांना जावई आहेत ते मान खाली घालतात आणि ज्यांना नाहीत त्यांना हसू येतं. (बाईंनी सांगितलं.) त्या दिवशी सासरा चिवट निघाला. जावई दोनदा पडला, दोनदा उठला, तिसऱ्यांदा त्याने सासऱ्याला डोक्यावर उचललं, आणि पुढचं लिहिताना मला शरम वाटते. मी खुर्चीवर उभा होतो. दोन्ही पायांनी. लाह्यांची पिशवी मी सासऱ्याच्या दिशेने फेकली होती आणि तुला तोंड दाखवता येणार नाही असे शब्द ओरडत होतो. बाई पंजाने माझ्या पाठीवर थापा मारत होत्या.

आणि आवाज थांबला.

एकदम नाही. समोरच्या बाजूने थांबत थांबत आमच्याकडे आला, दिवे एकेक करून घालवावेत तसा. संगीत बंद होतं. धूर नव्हता. रिंगमध्ये एक माणूस वाढला होता. सहा फुटांच्या बराच वर, अंगात साधे पांढरे कपडे, डोक्यावरून गळ्यापर्यंत पांढऱ्या कापडाचा मुखवटा. डोळ्यांना दोन भोकं. तोंडाच्या जागी नुसती शिवण. दोऱ्या बाजूला सारून तो आत येताना मी पाहिला नाही, पण तेव्हा माझी पापणी लवली असेल. बाईंनी हातातला पंजा मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, मुका पाहुणा. एवढंच म्हणाल्या.

मुका पाहुणा न बोलावता येतो, ताई. तेच त्याचं काम. दुसऱ्यांच्या कुस्तीत येतो, जो जिंकत असेल त्याला उचलतो, खाली झोपवतो आणि निघून जातो. आपटत नाही. डोक्याखाली हात ठेवून तान्ह्या मुलासारखा झोपवतो. म्हणून त्याच्या वेळी कोणी ओरडत नाही. पण ते पात्र तीन वर्षांपूर्वी बंद झालं होतं. त्याने जावयाला तसंच उचललं आणि तसंच झोपवलं. पंचाने आकडे मोजायचे असतात. तो दोऱ्यांना पाठ लावून उभा होता, त्याने एकही आकडा मोजला नाही. आणि मी जावयाचे डोळे पाहिले. आम्ही तिसऱ्या रांगेत होतो, त्याचं डोकं आमच्या बाजूला होतं. वर ढीगभर दिवे. तेवढ्या उजेडात माणसाची बाहुली मोहरीएवढी होते. व्हावीच लागते, ते कोणाच्या हातात नसतं. जावयाच्या बाहुल्या, आत्ता माझ्यासमोर बसलेल्या गृहस्थांच्या झाल्यात तेवढ्या मोठ्या होत्या. ओरडण्याचं नाटक करता येतं, पडण्याचं करता येतं. बाहुलीला नाटक येत नाही.

क्षणभर दिवे गेले आणि आले. रिंगमध्ये सासरा, जावई आणि पंच असे तिघेच. मी खुर्चीवरून खाली उतरलो आणि शेजारी पाहिलं.

रेघोटीची खुर्ची रिकामी होती.

वरचं वाक्य पुन्हा वाच, ताई. ती सुखरूप आहे. मी मात्र तेव्हा ते वाक्य वाचलेलं नव्हतं. बाईंना विचारलं, त्यांनी पाहिलं नव्हतं. पुढच्यांना विचारलं, मागच्यांना विचारलं. तीन हजार माणसं आणि एकानेही पाहिलं नाही, कारण सगळे एकाच ठिकाणी बघत होते. मी खुर्च्यांखाली वाकून पाहिलं, लाह्यांच्या टपरीमागे पाहिलं, बायकांच्या स्वच्छतागृहाच्या दारात उभा राहून तिला हाका मारल्या आणि तिथल्या बायकांचं बोलणं खाल्लं. दाराशी एक पहारेकरी होता. त्याने वही काढून विचारलं, मुलीच्या अंगात काय होतं? आणि ताई, मला आठवेना. सकाळी मीच तिला तयार केलं होतं. फ्रॉक होता की शर्ट, निळा की पिवळा, काही म्हणजे काही डोळ्यांसमोर येईना. मला तिचे फक्त डोळे आठवत होते. उजव्याला पाऊण नंबर, डाव्याला काही नाही, डाव्या पापणीवर लहानसा तीळ. मी त्याला ते सांगितलं. त्याने लिहून घेतलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी तिथेच भिंतीला टेकलो. तुझा चेहरा समोर आला. रागावलेला नव्हता. रागावलेला असता तर मी कसातरी निभावून नेलं असतं.

तेवढ्यात रिंगच्या मागच्या बोळातून निवेदक आले. हातात कार्यक्रमाचा कागद, चेहरा त्या कागदासारखाच. मी भाची हरवल्याचं सांगितलं, तसा माझा दंड धरून त्यांनी मला आत नेलं. बोळात बाकावर लोखंडी जावई बसला होता, खांद्यावर जरीचा कोट, दोन्ही हातांत पाण्याचा भरलेला पेला. तो कोणाकडे न बघता म्हणाला, “डोक्याखाली हात ठेवला त्याने. तसा तोच ठेवायचा.” मी निवेदकांना विचारलं, मुखवट्यात आज कोण होतं?

“माझ्या कागदावर तो नाहीच,” ते म्हणाले. “मी पुकारला नाही. कोणी पुकारला नाही.”

मी म्हटलं, मग पूर्वी जो होता तोच आला असेल. ते म्हणाले, तो तीन वर्षांपूर्वी गेला. मी विचारलं, कुठे गेला? त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला (मी त्या अवस्थेतही त्यांना पुसू नका म्हणालो) आणि म्हणाले, “गेला म्हणजे गेला हो.”

बोळाच्या टोकाला कपड्यांची खोली. दार उघडं होतं. आत शिवणयंत्र, इस्त्रीचं टेबल, दोरीवर टांगलेले डोंगर, डॉक्टर आणि जावई. आणि एका स्टुलावर आपली रेघोटी एका जाकिटावर टिकली शिवत बसलेली. मला पाहून म्हणाली, मामा, टिकल्या शिवलेल्या असतात. चिकटवलेल्या घामाने पडतात. मी जमिनीवर बसलो आणि तिचा फ्रॉक पाहिला. हिरवा होता. खिशावर रंगाचा डाग. आता मरेपर्यंत विसरणार नाही.

कपडे शिवणाऱ्या बाई साठीच्या असतील. बारीक, शांत, बोटांना सुया टोचून घट्टे पडलेले. मी हात जोडून विचारलं, हिला इथे कोणी आणलं? त्यांनी हातातली सुई कापडात खोचली. मग म्हणाल्या, “पोर एकटीच आली. पण हात असा वर धरून आली.” आणि त्यांनी स्वतःचा हात उचलून दाखवला, लहान मूल उंच माणसाचं बोट धरतं तसा. “दारात थांबली, वर बघून हसली, आणि मग हात सोडला.”

रेघोटीला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. ती म्हणाली, खाली उतरून तो तिच्या खुर्चीपाशी आला तेव्हा तिने त्याला विचारलं, तुझा मुखवटा कोणी शिवला? शिवण सुंदर आहे. तर त्याने बोट पुढे केलं. (अनोळखी माणसाचं बोट धरू नये, हे कलम यादीत नव्हतं. मी ते स्वतःच्या हाताने अकरावं म्हणून लिहिलंय.)

बाई उठल्या. कोपऱ्यात एक पत्र्याची पेटी होती, तिच्यावर कापडाचे तागे रचलेले. तागे उतरवायला मी मदत केली, वरच्या धुळीने माझे हात काळे झाले. म्हणजे पेटी कोणी उघडलेली नव्हती, एवढं मी शपथेवर सांगेन. आत डांबरगोळ्यांच्या वासात, कागदात गुंडाळलेला पांढरा मुखवटा होता. बाईंनी तो उलटा केला आणि आतून हात फिरवला, मग माझा हात धरून माझ्याकडून फिरवून घेतला. कपाळाच्या जागी तो ओला होता, नुकत्याच डोक्यावरून काढलेल्या टोपीसारखा.

मग त्यांनी सांगितलं. मुका पाहुणा त्यांचा धाकटा भाऊ. लहानपणापासून बोलताना अडखळायचा. एकेका शब्दाला इतका वेळ लागायचा की लोक त्याचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकत आणि निघून जात. अंगाने थोराड झाला म्हणून या खेळात आला, तर इथे बोलावं लागतं, समोरच्याला आव्हान द्यावं लागतं. म्हणून त्यांनी त्याला तोंड नसलेला मुखवटा शिवून दिला. म्हणाल्या, तोंड नसलेल्या माणसाला कोणी ‘बोल’ म्हणत नाही. दर खेळानंतर तो या स्टुलावर येऊन घाम वाळेपर्यंत बसायचा आणि फक्त त्यांच्याशी बोलायचा. एके दिवशी कशावरून तरी दोघांचं वाजलं. कशावरून, तेही त्यांना आठवत नाही, काहीतरी घरातलं, फुटकळ. त्या रागाच्या भरात बाई खोली बंद करून लवकर घरी गेल्या. खेळ संपवून तो आला तेव्हा दाराला कुलूप होतं. तो बाहेर बोळात बसला आणि तिथेच त्याचं हृदय थांबलं. हे त्यांनी कपड्याची घडी घालावी तशा आवाजात सांगितलं. निवेदक दारात उभे होते.

रेघोटीने टिकली पुरी केली, दोरा दाताने तोडला, आणि मांडीवरची वही उघडून म्हणाली, मी त्याचा चेहरा काढला, बघायचाय? बाईंनी वही हातात घेतली. मुखवटा नसलेला माणूस होता. रुंद कपाळ, एका भुवईत खाच, आणि तोंड अर्धवट उघडं, शब्दाच्या मधोमध असल्यासारखं. बाईंनी ते चित्र इतका वेळ पाहिलं की बाहेर पुढची कुस्ती सुरू होऊन लोक दोनदा ओरडले.

“तो बोलला तुझ्याशी?” त्यांनी विचारलं.

“हो,” रेघोटी म्हणाली. “त्याला वेळ लागतो. मी थांबले.”

“काय म्हणाला?”

“म्हणाला, माझी ताई रागावली आहे का, बघून ये.”

बाईंनी वही मांडीवर ठेवली. डोळ्यांना पदर लावला नाही, काही नाही. फक्त मान हलवली आणि म्हणाल्या, “नाही म्हणावं.” आणि आपल्या रेघोटीने, जिला घरी चार वेळा सांगितल्याशिवाय कोणाचा निरोप कोणाला देता येत नाही, तिने स्टुलावर गर्रकन वळून रिकाम्या दाराच्या वरच्या अंगाला बघत स्पष्ट सांगितलं, नाही रागावली. निवेदक दारातून बाजूला झाले. कोणाला तरी वाट द्यावी तसे झाले. नंतर मी त्यांना विचारलं, का सरकलात? ते म्हणाले, मला माहीत नाही, सरकावंसं वाटलं.

ते चित्र रेघोटीने बाईंना फाडून दिलं. ती आपलं चित्र कोणाला देत नाही हे तुला माहीत आहे. तुझ्या वाढदिवसाचंसुद्धा तिने परत मागून घेतलं होतं. निघताना तिने, तू शिकवलंयस तसं, दारात उभं राहून ‘या आमच्या घरी’ म्हटलं. पत्ताही सांगितला, मजल्यासकट. बाई म्हणाल्या, येईन हो. आम्ही उजेडातच घरी आलो. वाटेत तिने माझं बोट धरलं होतं आणि मी पूर्ण रस्ताभर तिच्या दुसऱ्या हाताकडे बघत चाललो. तो खाली होता. बहुतेक वेळ खालीच होता.

हे सगळं तुला तिच्या तोंडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं. मी तिला जपायला घेतलं आणि खुर्चीवर उभा राहून दुसऱ्याच्या सासऱ्याला लाह्या मारत होतो, हे खरं आहे, त्याला दुसरं नाव नाही. तुला जे म्हणायचं ते म्हण, पण म्हण. गप्प बसू नकोस. गप्प बसलीस तर मी दर तासाला फोन उचलून ठेवेन. तेव्हा ताई, एकाच ओळीचं पत्र आलं तरी चालेल : तू रागावली आहेस का?

समोरच्या गृहस्थांच्या बाहुल्या पुरत्या मोठ्या झाल्या आहेत आणि ते मला विचारतायत की तुमच्या मागे कोण उभं आहे. थेंब घातल्यावर असं अंधुक दिसतंच. पत्र इथेच पुरं करतो.

तुझा,
धाकटा

ता. क. : प्रदर्शन बंद नव्हतं. पुढच्या रविवारपर्यंत चालू आहे. ज्या दाराला कुलूप होतं ते कलादालनाचं मागचं दार, आणि ते मला माहीत होतं. पास निवेदकांनी दिले नव्हते, मी काढले होते, महिनाभर आधी. शेजारच्या बाईंनी मला काहीही सांगितलं नाही. गेली अकरा वर्षं आम्ही शेजारीच बसतो आणि तो पंजा मीच त्यांना भेट दिलाय. तीन वर्षांपूर्वीच्या त्या शेवटच्या खेळालाही मी होतो. मागच्या वाटेने बाहेर पडताना त्याच बोळात एक मोठा माणूस भिंतीला टेकून बसलेला दिसला होता. मला वाटलं, दमलाय. घाई होती म्हणून थांबलो नाही. हे मी कपडे शिवणाऱ्या त्या बाईंना सांगू शकलो नाही. तुला सांगितलं.

ता. क. २ : मुख्य गोष्ट राहिलीच. तुझ्या माळ्यावरच्या कपाटाची किल्ली कुठे असते ते उलट टपाली कळव. एक गादी काढायची आहे, असेल त्यातली सगळ्यात लांब. रेघोटी म्हणते, जन्मभर तो न बोलावता गेला, त्याला घरी या म्हणून पहिल्यांदाच कोणी बोलावलं, तर आपण त्याला नुसत्या फरशीवर झोपवायचं का? तिचं म्हणणं बरोबर आहे. शिवाय ती म्हणते, त्याचे पाय पलंगाखालून बाहेर येतात. तो पलंग तू मला दिला आहेस.